नोट्समध्ये नसलेला प्रश्न

शैलजा: असं नाही होत ना सर. तुमच्या नोट्स मी जशाच्या तशा कॉम्प्युटरमध्ये टाकल्या, तर ती वहीच झाली. फक्त हिरव्या अक्षरातली.

आगटे सर: मग अजून काय हवं त्यात? दोनशे बारा पानं आहेत. सोनं-चांदी म्हणजेच संपत्ती मानणाऱ्या व्यापाऱ्यांपासून सुरुवात. मग शेतीलाच सगळं मानणारे फ्रेंच लोक, मग श्रमविभागणी, मूल्य, मजुरी, खंड, थेट आपल्या पंचवार्षिक योजनांपर्यंत. आर्थिक विचारांचा अख्खा इतिहास आहे. एकतीस वर्षं घासूनपुसून तयार केल्यात या नोट्स.

शैलजा: ते दिसून राहिलं सर. अक्षर तर छापल्यासारखं आहे. पण याला ट्युटोरियल नाही म्हणत.

आगटे सर: मग कशाला म्हणतात ते सांगा. मी ऐकतो. तेवढी ती खिडकी मात्र उघडा, बाहेर बेचाळीस डिग्री आणि इथं मी शाल पांघरून बसलोय.

शैलजा: खिडकी नाही उघडता येत. थंडी मशीनसाठी आहे, आपल्यासाठी नाही. बघा, ट्युटोरियल म्हणजे असं. या टर्मिनलच्या पडद्यावर चार ओळी येणार. मग एक प्रश्न. खाली तीन उत्तरं. समजा पोरीनं दोन नंबर दाबला, आणि तो चूक आहे. आता मशीननं 'चूक' म्हणून गप्प बसायचं का? नाही. तिनं दोन का दाबलं, तिच्या डोक्यात काय आलं असेल, ते ओळखून तिला तिथून परत आणायचं. म्हणून मला प्रत्येक प्रश्नाला दोन चुकीची उत्तरं पाहिजेत. खरीखुरी. पोरं देतात तशी.

आगटे सर: चुकीची उत्तरं मी कुठून आणू?

शैलजा: तुम्ही एकतीस वर्षं शिकवून राहिले सर.

आगटे सर: बरोबर उत्तरं शिकवतोय.

शैलजा: हो, पण पोरं चुकतात कुठे?

आगटे सर: चुकतात म्हणजे, लिहीतच नाहीत. नाहीतर अर्धवट लिहितात.

शैलजा: का?

आगटे सर: अभ्यास करत नाहीत म्हणून.

शैलजा: आता हे मी मशीनला कसं सांगू?

आगटे सर: हे पाहा शैलजाबाई, हे यंत्र मी मागितलेलं नाही. मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. माझा पेपर घ्यायला कुणी तयार नाही, नव्या लोकांना सगळं गणितातच हवंय. प्राचार्य म्हणाले, शिकवायला माणूस नसेल तर पेपर बंद करावा लागेल. कॉम्प्युटरवर धडे तयार असतील तर ऐच्छिक म्हणून ठेवता येईल. म्हणून मी इथं चपला काढून बसलोय.

शैलजा: आणि पेपर बंद झाला तर, सर? खरं सांगा. मी स्टॅटिस्टिक्सवाली. मला तर हा पेपर कधीच नव्हता, आणि माझं काही अडलं नाही.

आगटे सर: अडत नाही हीच तर अडचण आहे. मुलं पुस्तकात वाचतात, किंमत मागणी-पुरवठ्यानं ठरते. त्यांना वाटतं, हे सूर्य उगवतो तसंच आहे. त्यावर माणसं दोनशे वर्षं भांडली, चुकली, कुणी कुणी आपलंच म्हणणं परत घेतलं, हे कुणी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं? आणि कळलं नाही तर ती आज सांगितलेलं सगळं मान खाली घालून मान्य करतील.

शैलजा: हं. हे तुमच्या नोट्समध्ये आहे का?

आगटे सर: हे? नाही. हे परीक्षेला येत नाही.

शैलजा: सर, नापास झालेलं कोणी आहे का तुमच्या ओळखीचं?

आगटे सर: नापास?

शैलजा: पास झालेल्यांना विचारून काय फायदा? त्यांना आठवतच नाही आधी काय कळत नव्हतं ते.

आगटे सर: एक आहे. आपल्या महाराष्ट्र मंडळातलीच, रागिणी पांचाळ. वडील पिंजोरकडे ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर आहेत. गणपतीत मंडपाची लायटिंग तेच करतात बघा. मुलगी शांत, रोज दुसऱ्या बाकावर असायची. माझ्याच एका पेपरात नापास, इथं त्याला कंपार्टमेंट म्हणतात. सप्टेंबरात परत बसायचंय.

शैलजा: बोलवा तिला.

आगटे सर: काय सांगून बोलावू? नापास झालीस म्हणून ये?

शैलजा: हो. तेच सांगा. मदत पाहिजे म्हणा.

आगटे सर: मला?

शैलजा: मला म्हणा पाहिजे तर.

*

रागिणी: दीदी, इसको दबाऊं?

शैलजा: दाब ना. आणि मराठीत बोललीस तरी चालते, मी नागपूरची आहे.

रागिणी: मराठी येते मला. मतलब, घरी बोलते आईशी. पण घाबरली की हिंदी निघते.

शैलजा: घाबरू नको. काहीही दाबलं तरी फुटत नाही. सर मागे बसले आहेत, तिकडे बघू नको. बाराव्या प्रश्नावर आलीस. मोठ्यानं वाच.

रागिणी: 'एकटा माणूस टाचणी बनवायला बसला तर दिवसात एखादी जेमतेम होईल. तेच काम तुकडे करून दहा जणांत वाटलं, कुणी तार ओढतो, कुणी कापतो, कुणी टोक घासतो, तर दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या होतात. याचं मुख्य कारण कोणतं?' तीन नंबर. हाताला सफाई येते, वेळ वाचतो, नवी अवजारं सुचतात.

शैलजा: बरोबर. बाराला बारा! बाप्पा, एकही चूक नाही केली हिनं. सर, चुकीची उत्तरं मी अंदाजानं टाकली होती, मला तर खऱ्या चुका पाहिजे होत्या.

आगटे सर: रागिणी, इकडे बघ. तुला हे सगळं येतंय. मग परीक्षेत शंभरात सव्वीस कसे पडले?

रागिणी: सर, इथं सगळं नोट्समधलंच आहे. नोट्स मला पक्क्या पाठ आहेत. हे पान अठ्ठावन्न आहे. वरून चौथी ओळ, 'श्रमविभागणीचे फायदे पुढीलप्रमाणे'. त्याच्या खाली तुम्ही दोन लायनी मारल्यात.

आगटे सर: मग?

रागिणी: परीक्षेत पहिलाच सवाल नोट्समधला नव्हता. वीस मार्कांचा. तिथंच सगळं हललं. मग पुढचं येत होतं तेही उलटं-सुलटं झालं.

(वीज जाते. पडदा काळा होतो, एअरकंडिशनरची घरघर थांबते.)

शैलजा: गेली. आता वीज आली तरी मशीन उठवायला अर्धा तास पाहिजे. थांबा, मी पडदा सरकवते, उजेड येईल. बसा दोघं.

आगटे सर: कोणता प्रश्न होता, रागिणी?

रागिणी: 'श्रमविभागणीनं मजुराचा फायदाच होतो का? चर्चा करा.'

आगटे सर: मग तू काय लिहिलंस?

रागिणी: पहिलं अर्धं पान माझं लिहिलं. मग वाटलं, हे नोट्समध्ये नाही, चूक असेल. सगळं काटलं. मग चार फायदे लिहिले, जसे आहेत तसे.

आगटे सर: अगं, पण विचारलं काय होतं? फायदाच होतो का, असं होतं ना? मग तुझं जे होतं ते कशाला खोडलंस?

रागिणी: सर, ते मी तुम्हाला आधी विचारलं होतं. क्लासमध्ये.

आगटे सर: कधी?

रागिणी: मागच्या साली, ऑगस्टमध्ये. टाचणीचा धडा चालला होता. मी उभी राहिली, म्हटलं, सर, जो माणूस फक्त टोक घासतो, तो रोज टोकच घासतो. दहा-पंधरा सालांनी त्याचं काय होतं?

शैलजा: मग? सर काय म्हणाले?

रागिणी: सर म्हणाले, 'फायदे चार आहेत ते आधी लिहून घे. बाकीचं नोट्समध्ये आहे. बस.' सगळे हसले. तुमच्यावर नाही सर, माझ्यावर. मग मी घरी जाऊन नोट्स पूर्ण शोधल्या. दोन वेळा. नव्हतं.

आगटे सर: मला हे आठवत नाही.

रागिणी: ठीक आहे सर. साठ जण असतात क्लासमध्ये.

आगटे सर: नाही. ठीक नाही. मला खरंच काहीच आठवत नाही. तू उभी राहिलेली, मुलं हसलेली, काही नाही.

शैलजा: रागिणी, तुला हा प्रश्न सुचला कसा? मी तर टाचण्या मोजून मोकळी झाली असती.

रागिणी: बाबांमुळे. आम्ही इस्लामपूरचे ना, तिथं बाबा ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. आई सांगते, अख्खं इंजिन उघडून अंगणात पसरायचे आणि परत जोडायचे. नुसता आवाज ऐकून सांगायचे, कुठं बिघडलंय. इथं कारखान्यात लागल्यापासून एकच काम. गिअरबॉक्स समोर येतो, त्याच्या झाकणाचे आठ बोल्ट आवळायचे, पुढचा येतो. चौदा साल झाले.

शैलजा: तू त्यांनाच का नाही विचारलं?

रागिणी: त्यांना नाही विचारता आलं. म्हणून सरांना विचारलं.

*

आगटे सर: शैलजाबाई, आज मशीन राहू द्या थोडं. रागिणी, ही वही घे. जपून, पानं सुटलीत. एकसष्ट नंबरचं पान काढ.

शैलजा: केवढी जुनी आहे सर. ही लायब्ररीतली?

आगटे सर: माझीच. एक्कावन्न साली पुण्यात नोकरीला लागलो, तेव्हाची पहिली वही. ट्रंकेत तळाशी होती. परवापासून तीन ट्रंका उपसल्या. आमच्या मंडळींना वाटलं, मी आत्ताच पुण्याचं सामान बांधायला घेतलं. वाच, रागिणी.

रागिणी: अक्षर तुमचंच आहे, पण गिचमिड. 'हाच विचारवंत आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात श्रमविभागणीकडे परत येतो. जन्मभर एकच साधी क्रिया करत राहणाऱ्या मजुराला डोकं चालवायची वेळच येत नाही, आणि न वापरल्यामुळे त्याची बुद्धी मंद होत जाते, असं तो बजावतो. यावर उपाय म्हणून सर्वसामान्यांच्या मुलांसाठी सरकारनं शाळांची सोय करावी असं त्याचं मत.' सर, हे त्याच माणसानं लिहिलंय? टाचणीवाल्यानं?

आगटे सर: त्यानंच. स्कॉटलंडच्या त्याच प्राध्यापकानं, दोनशे वर्षांपूर्वी. तू ऑगस्टमध्ये उभी राहून जे विचारलंस, ते त्यानं स्वतःच स्वतःला विचारलं होतं. एकसष्ट ते चौसष्ट, चार पानं मी त्यावर लिहिली होती. पुण्यात शिकवतही होतो.

रागिणी: मग आमच्या नोट्समध्ये का नाही?

आगटे सर: मी काढली ती पानं. सहासष्ट साली इथं उत्तरेत आलो. दोन वर्षं पाहिलं, इथल्या परीक्षेत त्यावर कधी प्रश्न येत नाही. मुलं म्हणायची, सर, नोट्स फार लांब होतात. अडुसष्टच्या उन्हाळ्यात नवी प्रत केली, तेव्हा ती चार पानं वगळली. पुढं मीच विसरून गेलो की ती कधी होती.

शैलजा: आणि चौदा वर्षांनी प्रश्न आला.

आगटे सर: आला. आणि माझ्या वर्गातल्या साठांपैकी एकीला तो आपणहून पडला होता. तिलाच मी खाली बसवलं.

रागिणी: सर, बाबांची ऑक्टोबरात हैदराबादला बदली आहे. सप्टेंबरात पेपर निघाला नाही तर माझं बी.ए. या एका पेपरावरच अडून राहील. दोन महिने मला वाटून राहिलं होतं, मतलब वाटत होतं, की मी ढ आहे. आईनं ओळखीत सांगितलंय, मुलीला अभ्यास झेपत नाही, आता स्थळ बघा.

आगटे सर: ढ तू नाहीस.

रागिणी: आणि ती पानं तुमच्या ट्रंकेत होती.

आगटे सर: होय. ट्रंकेत होती. रागावलीस?

रागिणी: थोडीशी.

आगटे सर: तीस वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारल्याचं आठवत नाही, एवढंच सांगू शकतो.

रागिणी: विचारला असेल सर. तुम्ही बसवलं असेल.

शैलजा: रागिणी!

आगटे सर: बोलू द्या तिला. खरं आहे ते. माझं मलाच आठवत नाही, तर मी कशाच्या जोरावर नाही म्हणू?

रागिणी: सॉरी सर.

आगटे सर: नको. सॉरी नको म्हणूस. ही वही तू घरी घेऊन जा. सप्टेंबरपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. बाकीचंही असंच काय काय गाळलंय मी, ते मला बघायचंय. तू इथं रोज येशील? दुपारी दोन ते चार मशीन आपल्याला मिळतं. तू वाचत जा, आणि जिथं अडेल तिथं थांबव. अगदी शब्दाला थांबव.

शैलजा: आणि मी ते सगळं टिपून घेते. मला ज्या चुका पाहिजे होत्या ना, त्या याच्यातच सापडतील.

रागिणी: माझ्या चुका?

शैलजा: तुझ्या म्हण, सरांच्या म्हण. मशीनला काय फरक पडते?

आगटे सर: अजून एक. वाटलं तरच. बाबांना हे कधी विचारून बघशील?

रागिणी: नाही सर. त्यांना वाटेल, पोरगी कॉलेजात जाऊन आता माझी कीव करते.

आगटे सर: मग नको. मी विचारलं हे विसरून जा.

*

शैलजा: ये ये. आज उशीर केलास. सर म्हणत होते, ही आता येत नाही.

रागिणी: बस नाही मिळाली दीदी. सर, मी बाबांना विचारलं.

आगटे सर: विचारलंस?

रागिणी: काल रविवार होता ना. बाबा कूलरचं गवत बदलत होते, स्टुलावर चढून. मी खालून देत होती. त्यांची पाठ होती माझ्याकडे, म्हणून विचारता आलं. म्हटलं, बाबा, रोज तेच आठ बोल्ट. डोक्याला गंज नाही लागत?

शैलजा: असंच विचारलं? गंज?

रागिणी: निघून गेलं तोंडातून. ते आधी हसले. म्हणाले, हे सरांनी विचारायला सांगितलं? मी म्हटलं, नाही, माझं मीच.

आगटे सर: बरं केलंस. मग?

रागिणी: मग म्हणाले, 'हात बोल्टवर असतात, डोकं माझं असतं. आठ तास मी आतल्या आत कुठं कुठं जाऊन येतो, तुला काय ठाऊक? गणपतीची लायटिंग मी लाइनवर उभा राहूनच ठरवतो, कुठली माळ कुठं जाणार ते. इस्लामपूरला इंजिन उघडलं की रात्री झोपेतसुद्धा इंजिनच दिसायचं. तेव्हा डोकं इंजिनाच्या मालकाचं होतं. आता सुटलो.'

आगटे सर: असं म्हणाले?

रागिणी: हो. मला वाटलं, संपलं. मी सगळं गवत दिलं, खाली पडलेलं झाडून घेतलं. ते स्टुलावरून उतरले, हात धुतले, आणि मग म्हणाले, 'पहिल्या दोन वर्षांचं मात्र विचारू नकोस.'

शैलजा: विचारलंस मग?

रागिणी: नाही. आईनं जेवायला बोलावलं. पण ताटावर बसल्यावर त्यांनी मला आपणहून सांगितलं, गिअरबॉक्सच्या आत काय काय असतं ते. बोटानं ताटात वरणाच्या रेघा काढून. आई ओरडली दोघांना.

आगटे सर: रागिणी, हे त्या ग्रंथात नाही. डोकं न वापरल्यानं मंद होतं, एवढंच त्याला दिसलं. टाचणी घासणारा मनात कुठं जाऊन येतो, हे त्यानं कुणाला विचारलं असेल असं वाटत नाही.

शैलजा: ते सगळं ठीक आहे सर, पण माझं काम अडलं ना आता. तेरावा प्रश्न मी परवाच टाकून ठेवला. 'श्रमविभागणीनं मजुराचा फायदाच होतो का?' एक, हो. दोन, नाही, बुद्धी मंद होते. आता तिसरं पांचाळकाकांचं टाकू का? आणि बरोबर कोणतं धरू? मशीनला एक नंबर सांगावाच लागतो, त्याशिवाय ते पुढे नाही जात.

आगटे सर: पुढं जायला बरोबर उत्तरच लागतं का?

शैलजा: काहीतरी उत्तर लागतं. बरोबर की चूक, ते आपण सांगतो त्याला.

आगटे सर: मग नंबरच काढून टाका. खाली जागा ठेवा मोकळी. ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहावं.

शैलजा: सर, दहा ओळी लिहिल्या तरी मशीनला काही कळणार नाही. ते नुसतं जपून ठेवेल. छापून देईल फार तर.

आगटे सर: छापून द्या. मी वाचेन.

शैलजा: मार्चनंतर?

आगटे सर: मार्चनंतरचं मार्चनंतर बघू. आणि ती एकसष्ट ते चौसष्ट पानं तेराव्याच्या आधी घाला. आणि शेवटी एक ओळ टाका, 'तुमच्या ओळखीत असं काम करणारं कुणी असेल तर त्यांना विचारून मग लिहा.' रागिणी, चालेल? बाबांचं नाव कुठं येणार नाही.

रागिणी: चालेल. पण सर, मी परीक्षेत काय लिहू? तिथं मोकळी जागा नसते. मार्क असतात.

आगटे सर: त्याचं पहिलं म्हणणं लिही. मग त्याचंच दुसरं लिही. मग तू जे पाहिलंस, ऐकलंस, ते लिही. काही खोडू नकोस.

रागिणी: मार्क मिळतील?

आगटे सर: खोटं कशाला सांगू? तपासणारा कोण असेल, त्यावर आहे. मी असतो तर दिले असते. म्हणजे, आता दिले असते.

*

शैलजा: या सर. रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच आले तुम्ही. काकू कशा आहेत?

आगटे सर: त्या पुढं गेल्या पुण्याला. श्रीपादनं, आमच्या मुलानं, ब्लॉक घेतलाय, तो लावून घेतायत. माझं तिकीट वीस तारखेचं. म्हटलं, जायच्या आधी तुमचे कागद बघून घ्यावेत.

शैलजा: रागिणीचं पत्र आलं मला हैदराबादहून. तुम्हाला आलं?

आगटे सर: आलं. त्या पेपरात एकोणपन्नास पडले, त्याचा अजून आनंद आहे तिला. एम.ए.ला अर्थशास्त्रच घेतलंय. लिहिते, वर्गात फार प्रश्न विचारते म्हणून तिथले सर वैतागलेत.

शैलजा: आणि स्थळ बघून राहिले होते त्याचं?

आगटे सर: वडील म्हणाले म्हणे, एम.ए. होऊ दे आधी. वही परत पाठवलीय तिनं, रजिस्टर पोस्टानं. पानं सगळी शिवून. बरं, यंदा किती मुलं झाली आपल्या पेपराला?

शैलजा: नऊ. ऐच्छिक केला ना, म्हणून. मागे साठ होते.

आगटे सर: नऊ का होईना. पेपर राहिला.

शैलजा: नऊही जण पूर्ण ट्युटोरियल करून गेले. बारा प्रश्नांना काही अडचण नाही, चुकले तिथून परत आले. रागिणी जिथं जिथं अडली होती ना, तिथंच अडले सगळे. पण तेराव्याचं हे बघा. हे पहिले पाच. पाचांनी तुमची एकसष्ट ते चौसष्ट पानं उतरवून काढलीत. शब्दाला शब्द.

आगटे सर: म्हणजे त्याही नोट्सच झाल्या.

शैलजा: हो ना. मला वाईट वाटलं सर. तुम्हाला दाखवू की नको, असं झालं होतं. हे सहावं मात्र बरं आहे. याची आई लुधियानाला होजियरीत स्वेटरला बाह्या जोडते, तिला विचारून लिहिलंय. सातवी, आठवी जेमतेम दोन-दोन ओळी.

आगटे सर: नऊतला एक. वाईट नाही. पुढच्या वर्षी हे कोण वाचणार, शैलजाबाई?

शैलजा: तेच तुम्हाला विचारणार होती. पुण्याला पोस्टानं पाठवू?

आगटे सर: तुम्ही वाचाल का?

शैलजा: मी? मला तुमच्या विषयातलं काय कळते सर?

आगटे सर: म्हणून तर म्हणतो. तुम्हाला उत्तरं पाठ नाहीत. मी पाठ उत्तरं तपासत आलो, मला दुसरं काही दिसायचंच बंद झालं होतं. तुम्ही वाचा, आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याला बोलवा. अडलं तर मला पत्र टाका.

शैलजा: बघते. नाही म्हणत नाही. पण आमचीही बदली कधी येईल सांगता येत नाही, हे एअर फोर्सचे आहेत.

आगटे सर: आहात तोवर. नववा कागद कुठाय?

शैलजा: तो मी वेगळा काढून ठेवला. कमलजीत कौर. हिनं काही लिहिलंच नाही सर, एकच ओळ आहे. 'बहुत सोचा, समझ नहीं आया. सर, आपको क्या लगता है?'

आगटे सर: इकडे द्या बघू.

शैलजा: हिला परत बसवू का मशीनवर? परीक्षेला अजून बारा दिवस आहेत.

आगटे सर: मशीनवर नको. ही मुलगी भेटेल कुठं?

शैलजा: रोज सकाळी नऊला लायब्ररीत येते. पण तुम्ही कशाला त्रास घेता सर? मी सांगते ना तिला, काय लिहायचं ते.

आगटे सर: नको, काही सांगू नका. एवढाच निरोप द्या की उद्या नऊला मी येतोय. आणि म्हणावं, मलाही अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.